क्विअर आणि वंचित माणसांसाठी ओळख मानणारं समुपदेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समुपदेशक आहे, पण हे प्रश्न मी बसून तयार केलेले नाहीत. (क्विअर म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी अशी, रूढ चौकटीत न बसणारी माणसं.) फोनवर, व्हॉट्सॲपवर, एखादं व्याख्यान संपल्यावर चपला घालता घालता लोकांनी विचारलेले आहेत. कोणाची ओळख पटेल असे तपशील काढले, भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली. असल्या प्रश्नांना मराठीत जाहीर उत्तरं देण्याची खोड तशी जुनी आहे. र. धों. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या शंकांना उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांवरच्या अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. शंका यायच्या काही थांबल्या नाहीत.

तुम्ही आत्ता, या घडीला फार बिकट अवस्थेत असाल तर बाकीचं सोडा आणि थेट प्रश्न १० वाचा.

१. ओळख मानणारं समुपदेशन म्हणजे काय? समुपदेशन ते समुपदेशन, त्यात वेगळं काय?

फरक समुपदेशकाच्या पहिल्याच प्रश्नात कळतो. समजा एक मुलगी सांगते, "माझं एका मुलीवर प्रेम आहे आणि महिनाभर मला झोप नाही." एक समुपदेशक विचारतो, "असं मुलींविषयी कधीपासून वाटतं? लहानपणी काही झालं होतं का?" दुसरी विचारते, "महिन्यापूर्वी काय झालं?" पहिल्याने प्रेमाला दुखणं धरलं, दुसरीने झोप उडण्याला. महिन्यापूर्वी बहुतेक वेळा काहीतरी झालेलं असतं. भावाने मोबाइल उघडून बघितलेला असतो, नाहीतर बघायला पाहुणे येऊन गेलेले असतात.

इलन मायर या मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये 'अल्पसंख्याक ताणा'ची मांडणी केली, ती या पद्धतीच्या मुळाशी आहे. सगळ्यांच्या वाट्याला येणारे ताण असतातच; त्यावर काहींना लपवण्याचा, टोमणे ऐकण्याचा, आता कोणीतरी बोलेल म्हणून आधीच अंग चोरून बसण्याचा जादा ताण पडतो. तो बाहेरून आलेला असतो, माणसाच्या घडणीतला दोष नसतो. समुपदेशकाला हे ठाऊक असलं की अर्धं काम सोपं होतं. मात्र याचा अर्थ तो तुमच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावेल असा नाही. तुम्ही जोडीदाराशी वाईट वागत असाल तर चांगला समुपदेशक तेही सांगेल.

फोन करताना 'अफर्मेटिव्ह थेरपी' म्हणा. या क्षेत्रात तोच शब्द रुळला आहे.

२. समलिंगी असणं आजार नाही म्हणता, मग समुपदेशकाकडे जायचंच कशाला?

आजार नाही, हे खरंच. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये जाहीरपणे तेच सांगितलं, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले संबंध वगळले. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असण्याशी जोडलेलं निदानही २०२२ पासून लागू झालेल्या नव्या जागतिक वर्गीकरणात मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलं आहे.

तरी लोक येतात, कारण इतर सगळे ज्यासाठी येतात तीच कारणं असतात : नोकरी गेली, प्रेमभंग झाला, वडील वारले. आणि वर दुहेरी जगण्याचा शीण. दोन सिमकार्डं, दोन इन्स्टाग्राम खाती, जोडीदाराचा नंबर 'प्लंबर' नावाने सेव्ह केलेला. एकाने मला सांगितलं होतं, "सहा वर्षांचं नातं तुटलं आणि ऑफिसात मी डोळे आलेत म्हणून सुट्टी घेतली." त्याला आजार नव्हता. रडायला जागा नव्हती.

३. मी नक्की कोण आहे हे मलाच ठरवता येत नाही. आधी ठरवून मग यावं का?

नको. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, अलैंगिक हे शब्द आहेत, तहसील कचेरीतले दाखले नव्हेत. सोबत काही आणावं लागत नाही. न ठरवताही वर्षभर समुपदेशन घेणारे आहेत. जो समुपदेशक दुसऱ्याच भेटीत "तुम्ही गे आहात" असं तुमच्या वतीने जाहीर करतो, त्याच्यापासूनही जपूनच राहा. "हे एक वय असतं, जाईल" म्हणणाऱ्याइतकाच तोही उतावळा.

४. समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट, सायकिॲट्रिस्ट. कोणाकडे जाऊ?

सायकिॲट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हे डॉक्टर. औषध तेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; ते चाचण्या आणि बोलून उपचार करतात. समुपदेशक बोलून काम करतात. झोप, भूक पार उडाली असेल, आवाज ऐकू येत असतील तर आधी डॉक्टर. इतर वेळी समुपदेशकापासून सुरुवात केली तर चालते. 'समुपदेशक' ही पाटी कोणी लावावी यावर आपल्याकडे फार काळ काही बंधनच नव्हतं, म्हणून शिक्षण विचारायला लाजू नका.

५. एखादा समुपदेशक खरंच अफर्मेटिव्ह आहे हे कसं ओळखायचं? वेबसाइटवर सगळ्यांच्याच इंद्रधनुष्य असतं.

इंद्रधनुष्य काढायला पैसे पडत नाहीत. फोनवर पाच मिनिटं मागा आणि चार गोष्टी विचारा. याआधी क्विअर लोकांसोबत काम केलंय का? त्यासाठी वेगळं प्रशिक्षण कुठे घेतलं? (मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा २०१९ पासून चालणारा अभ्यासक्रम बऱ्याच जणांनी केलेला असतो, तो केला म्हणजे माणूस चांगलाच असं नाही, पण विषय माहीत नाही असं तरी होत नाही.) घरच्यांचा फोन आला तर काय कराल? आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न : "मला बदलायचं आहे असं मीच म्हटलं, तर तुम्ही काय कराल?" "प्रयत्न करून बघू" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. "असं का वाटतंय त्यावर बोलू, पण बदलायचं काम मी करत नाही" हे उत्तर हवं.

पहिल्या दोन-तीन भेटींत कान उघडे ठेवा. तुम्ही 'जोडीदार' म्हणताय आणि समोरून 'मित्र' येतंय? नाव सांगितलं तरी कागदावरचं जुनंच नाव उच्चारलं जातंय? अर्धा तास तुम्हीच त्यांना शब्दांचे अर्थ समजावताय? शेवटच्या गोष्टीचे पैसे खरं तर त्यांनी तुम्हाला द्यायला हवेत.

एकदा चुकणं वेगळं. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका तरुणाला सहज विचारून गेले, "गर्लफ्रेंड वगैरे?" तो "नाही" म्हणाला, हसला आणि पुन्हा कधी आला नाही. तो का आला नाही हे कळायला मला वर्ष लागलं. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर 'पती/पत्नीचे नाव' हा रकाना नाही.

६. समुपदेशक स्वतः क्विअर, किंवा आमच्याच समाजाचा असायला हवा का?

असला तर सुरुवात सोपी जाते, पुष्कळ गोष्टी फोड करून सांगाव्या लागत नाहीत. पण अट नाही. उलटी अडचणही होते : मुंबई-पुण्यातलं क्विअर जग लहान आहे, तुमचा समुपदेशक आणि तुमचा आधीचा जोडीदार एकाच वाढदिवसाला भेटू शकतात. असं झालं तर काय करायचं हे आधीच बोलून ठेवा. दलित-बहुजन थेरपिस्ट हवा असेल तर 'ब्लू डॉन'सारख्या गटाने त्यासाठीच काम केलं आहे. आणि "तुमची जात कोणती?" असं समुपदेशकाला विचारता येतं का? येतं. उत्तर द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा कसा होतो तेही एक उत्तरच असतं.

७. मी जातीबद्दल बोलले तर मॅडम म्हणाल्या, "ते तू फार मनाला लावून घेतेस." मी खरंच जास्त विचार करते का?

नाही. आणि हा प्रश्न मला इतक्या जणींनी, इतक्या जणांनी विचारला आहे की आता तो ऐकून आश्चर्यही वाटत नाही.

हॉस्टेलवर आडनाव विचारून झाल्यावर बोलण्याचा सूर बदलणं, 'रँक किती होती?' या प्रश्नातली खोच, घरमालकाचं "आम्ही शाकाहारीच बघतो", ऑफिसातला वेगळा ठेवलेला कप. यातल्या एकेका गोष्टीचा पुरावा देता येत नाही आणि तिथेच त्यांची ताकद असते. माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागतो. समुपदेशकाने तोच संशय पक्का केला तर उपचार कसले, तो त्याच अनुभवाचा पुढचा हप्ता झाला. 'विचार बदला म्हणजे भावना बदलेल' हे तंत्र परीक्षेच्या भीतीवर छान चालतं. खऱ्या अपमानावर वापरलं तर त्याचा अर्थ 'अपमान विसर' एवढाच उरतो. काम असं व्हायला हवं : जे झालं ते झालं हे आधी मान्य करायचं, मग त्याने तुमच्या झोपेचं, अभ्यासाचं, स्वतःवरच्या विश्वासाचं काय केलं ते बघायचं, आणि तक्रार, वसतिगृह बदलणं, सोबतीचा गट असे बाहेरचे मार्गही चर्चेत घ्यायचे.

जो दलित आहे आणि गेसुद्धा, त्याची आणखी एक तऱ्हा असते. क्विअर गटात जात बोलायची सोय नाही, वस्तीत प्रेम बोलायची नाही. त्याला समुपदेशनाच्या खोलीतही अर्धंच बसावं लागू नये. इतिहासात या दोन गोष्टी इतक्या लांब नव्हत्या. १८७१ च्या ज्या ब्रिटिश कायद्याने भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंद ठेवण्याची तरतूद होती. पोलीस चौकीवरची हजेरी दोघांच्याही आठवणीत आहे.

मुस्लिम, आदिवासी, अपंग वाचकांनी हेच थोड्या फरकाने विचारलं आहे. उत्तर तेच.

८. घरचे म्हणतात, "चांगल्या डॉक्टरकडे नेऊ, बरा होशील." खरंच काही उपाय असतो का?

नसतो. लैंगिक कल किंवा लिंगभाव बदलणारा कोणताही उपचार नाही, आणि तसा प्रयत्न केल्याने नैराश्य, अपराधीपणा, जीव देण्याचे विचार वाढतात. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी ७ जून २०२१ च्या आदेशात असल्या 'उपचारां'ना मनाई केली. (निकाल लिहिण्याआधी हा विषय समजून घ्यायला त्यांनी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाबरोबर सत्र घेतलं होतं. न्यायमूर्ती बसू शकतात तर काका का नाही, असं मी पालकांना हळूच विचारते.) त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे करणं म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं.

पण पाटीवर कोणी 'बदलून मिळेल' असं लिहीत नाही. ते 'हार्मोन बॅलन्स', 'पॉर्नचं व्यसन सोडवणं', 'इच्छाशक्ती वाढवणं' अशा नावांनी येतं. काही घरांत आधी बाबा-बुवा होतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, कोंडून ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अंगातलं भूत 'बायकी' असलं म्हणून कायदा बदलत नाही. भरती करण्याची धमकी असेल तर पुढचा प्रश्न बघा, तक्रारीसाठी प्रश्न २०.

९. मला जबरदस्तीने मनोरुग्णालयात टाकू शकतात का?

समलिंगी किंवा पारलिंगी आहात म्हणून, नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो की समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक कल्पनांत माणूस बसत नाही एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. याच कायद्यात लिंग, लैंगिक कल, जात, धर्म, वर्ग यांवरून उपचारात भेदभाव नको असं स्पष्ट लिहिलं आहे. संमतीशिवाय भरती करायची तर आजार गंभीर हवा, नुकताच स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका झालेला हवा किंवा माणूस स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेलेला हवा. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायला हवं आणि मुदत आधी तीस दिवसांची. त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते, मोफत विधी साहाय्यही मिळतं.

आता या पानावरची सगळ्यात कामाची गोष्ट. हा कायदा तुम्हाला तुमचा 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमू देतो. नेमला नाही तर तो मान आपोआप नातेवाइकाकडे जातो, म्हणजे कदाचित ज्याच्यापासून तुम्हाला भीती आहे त्याच्याचकडे. साध्या कागदावर, तुमच्या सहीने किंवा अंगठ्याने, विश्वासातल्या सज्ञान मित्र-मैत्रिणीचं नाव लिहा, त्यांची संमती घ्या, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. स्टॅम्पपेपर लागत नाही. आज रात्री होण्यासारखं काम आहे. हा हक्क सज्ञान व्यक्तींना आहे.

१०. मला जगावंसं वाटत नाही. फोन केला तर पोलीस येतील का?

आत्ता मनात तसं असेल तर १४४१६ लावा. हा टेली-मानसचा क्रमांक आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२, किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग. एकटे राहू नका. कोणाला तरी "माझ्याजवळ येऊन बस" एवढंच म्हणा, कारण सांगायची गरज नाही. इजा करता येईल अशी वस्तू हाताशी असेल तर ती दुसऱ्याकडे द्या.

मदत मागितली म्हणून गुन्हा होत नाही. प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असं २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ गृहीत धरतं, शिक्षेऐवजी काळजी घ्यायला सांगतं. फोनवर तुमचा लैंगिक कल सांगणं बंधनकारक नाही. "घरात भांडण झालंय, सहन होत नाही" एवढ्यावरही बोलता येतं.

११. आईने समुपदेशकाला फोन करून विचारलं तर ते सांगतील का?

तुम्ही सज्ञान असाल तर तुमच्या संमतीशिवाय सांगू नये. फी आई भरत असली तरी. अपवाद ठरलेले आहेत : कोणाच्या तरी जिवाला धोका असणं, न्यायालयाचा आदेश, असे. एचआयव्हीबाबत २०१७ चा वेगळा कायदा आहे. जोडीदाराला लागणीचा खरा धोका असेल, तुम्हाला समजावून झालं असेल, तुम्ही सांगणार नाही अशी खात्री झाली असेल आणि तसं तुम्हाला कळवलं असेल, तरच डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. शेजाऱ्याला, मालकाला, सासऱ्याला कधीच नाही.

माझ्या अनुभवात गुपित समुपदेशकाच्या तोंडून कमी आणि मोबाइलमधून जास्त फुटतं. यूपीआयच्या यादीतलं क्लिनिकचं नाव, घरच्यांसोबत शेअर केलेलं लोकेशन, बाबांच्या नंबरवर गेलेला अपॉइंटमेंटचा मेसेज. पहिल्याच फोनवर सांगा कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी आणि कोणत्या नावाने संपर्क करायचा. घरात खोली नसेल तर गच्ची, रिकामी बस, उभी केलेली गाडी. लोकांनी सगळीकडून सत्रं केली आहेत.

१२. मी सोळा वर्षांचा आहे. घरी न सांगता येऊ शकतो का?

हेल्पलाइनवर बोलू शकतोस. नियमित समुपदेशनासाठी बहुतेक जण पालकांची संमती मागतात, पण कारण म्हणून 'अभ्यासाचं टेन्शन' पुरतं आणि ते खोटंही नसतं.

एक गोष्ट तुला आधीच माहीत हवी. पॉक्सो कायद्यात (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) अठराखालच्या कोणाशीही लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, दोघांची इच्छा असली तरी, आणि असं काही कळलं तर कळवणं समुपदेशकाला बंधनकारक आहे. मुलं आवडतात, एका मुलावर प्रेम आहे, हे सांगण्यात कसलाही धोका नाही. तपशिलात जायच्या आधी विचार, "कोणती गोष्ट सांगितली तर तुम्हाला पुढे कळवावी लागेल?" चांगला समुपदेशक सरळ सांगतो. मात्र कोणी तुझ्यावर जबरदस्ती केली असेल तर हे गणित मांडत बसू नकोस, सांग. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

१३. समुपदेशक मला घरी सांगायला लावतील का?

लावू नये. परदेशी व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना वाटतं की घरी सांगितल्याशिवाय आपण 'खरे' नाही. ज्याचं घर, शिक्षण, जेवण घरच्यांवर अवलंबून आहे त्याने आधी बाकीचं बघावं : जाण्यासारखी एक जागा, थोडे पैसे, कागदपत्रं स्वतःच्या ताब्यात. कित्येक जण बहिणीला सांगतात आणि तिथेच थांबतात. काही घरांत सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच बोलत नाही; जोडीदार दिवाळीला फराळाला येतो, आजी त्याला जास्तीची चकली देते. हे कमी प्रतीचं जगणं आहे असं मला तरी वाटत नाही.

१४. मी आई आहे. मुलाने सांगितलं आणि मी दोन दिवस जेवले नाही. त्याला समुपदेशनाला पाठवू का?

ताई, तुम्ही जा. त्याला हवं असेल तर तोही जाईल, पण आत्ता हादरा तुम्हाला बसला आहे. "माझं काय चुकलं" हा प्रश्न घेऊन त्याच्याकडे जाऊ नका, तो त्याचं उत्तर देऊ शकत नाही आणि त्याला ते आयुष्यभर पुरतं. तो प्रश्न समुपदेशकाकडे न्या. उत्तर 'काही नाही' असंच आहे, पण ते पटायला वेळ लागतो. मुंबईत 'स्वीकार' हा क्विअर मुलांच्या पालकांचा गट आहे. तिथे तुमच्यासारखंच दोन दिवस न जेवलेले पुष्कळ आई-बाप भेटतील. दरम्यान मुलाला "जेवलास का?" एवढं विचारा. त्याला बरोबर कळतं.

१५. घरचे लग्न ठरवतायत. "लग्न झालं की सगळं होईल नीट" असं समुपदेशकही म्हणाले. काय करू?

समुपदेशक बदला. ज्या मुलीशी लग्न ठरतंय ती औषध नव्हे. तिचंही एक आयुष्य आहे आणि तिला यातलं काही माहीत नाही. मी बहुतेक बाबतीत सल्ला देत नाही, इथे देते. नकाराला कारण सांगावंच लागतं असं नाही. "मला लग्न करायचं नाही" हे पूर्ण वाक्य आहे, फक्त ते पन्नास वेळा म्हणावं लागतं. त्यासाठी बळ आणणं, पैशाने स्वतंत्र होणं, यावर समुपदेशनात काम होऊ शकतं.

लग्न होऊन गेलेले लोकही येतात, चाळिशी-पन्नाशीचे. त्यांना झिडकारून उपयोग नाही. समुपदेशक तुमच्या पत्नीला परस्पर काही सांगणार नाही (प्रश्न ११). पण दोघं मिळून जाणार असाल तर पहिल्याच दिवशी ठरवा : एकाने एकट्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापासून लपवली जाईल का? हे न ठरवता सुरू केलेलं जोडप्याचं समुपदेशन हमखास फसतं. आणि पत्नीसाठी वेगळा समुपदेशक शोधा. तिचा राग हाही खराच आहे.

१६. मी पारलिंगी आहे. हार्मोनसाठी पत्र मागतात. मी वेडी नाही, मग ही परीक्षा का?

चीड रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात लिंगओळख ज्याची त्याने ठरवावी असं म्हटलं, आणि तरी दवाखान्यात पत्र लागतं. हार्मोन आणि शस्त्रक्रियांचे काही परिणाम मागे फिरवता येत नाहीत, म्हणून माणसाने ते समजून घेतले आहेत ना एवढं बघणं डॉक्टरांना गरजेचं वाटतं. तपासणीचा हेतू तेवढाच असावा. साडी नेसून या, लहानपणी बाहुल्या खेळलात का, असले प्रश्न त्यात बसत नाहीत. या विषयातल्या जागतिक संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत एकच पत्र पुरे म्हटलं आहे. पूर्वी मोठ्या शस्त्रक्रियांना दोन लागत.

पत्र आणि समुपदेशन वेगळं ठेवता आलं तर ठेवा. पत्र देणाऱ्यासमोर कोणी शंका बोलून दाखवत नाही, आणि शंका तर असतातच.

१७. मी डेऱ्यात राहते. समुपदेशक सारखं "तिथून बाहेर पड" म्हणते.

तिला हिजड्यांचा डेरा म्हणजे काय ते माहीत नाही. गुरू-चेल्याचं नातं हे घर आहे. त्यात माया आहे, सेवा आहे, कमाईतला वाटा आहे आणि सोडून गेल्यास दंडही आहे. कुठलंही घर असंच असतं. सासरी त्रास होतो म्हणून आलेल्या बाईला कोणी पहिल्या भेटीत "घर सोड" म्हणत नाही. मार खावा लागत असेल, पैसे किंवा आधार कार्ड काढून घेतलं असेल तर बाहेरचे मार्ग बोलायलाच हवेत. केंद्र सरकारच्या योजनेतली 'गरिमा गृहं' ही निवारागृहं त्यासाठी आहेत. निर्णय तुझा.

जोगत्यांचा एक वेगळा प्रश्न येतो. "यल्लम्मा अंगात येते" असं सांगितलं की शहरी डॉक्टर लगेच भ्रमाचा आजार लिहायला घेतो. ठरलेल्या वारी, पूजेच्या वेळी, आपल्या माणसांत अंगात येणं आणि त्यानंतर माणूस रोजच्या कामाला लागणं, हा आजार नाही. झोप नाही, जेवण नाही, देवी जीव दे म्हणते असं असेल तर मात्र तपासून घ्यावं. दोन्ही ओळखणारा माणूस शोधावा लागतो.

१८. मी तालुक्याच्या गावी असतो. सत्राला हजार-दीड हजार परवडत नाहीत.

टेली-मानस (प्रश्न १०) आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल या दोन्ही हेल्पलाइन मोफत आहेत. आयकॉल २०१२ पासून सुरू आहे आणि तिथल्या लोकांना क्विअर विषय नवा नाही. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी सुरू केलेला समपथिक ट्रस्ट, नागपुरात सारथी ट्रस्ट. या संस्थांना फोन करून तुमच्या भागात कोण आहे ते विचारता येतं. खाजगी समुपदेशकांना "ऐपतीप्रमाणे फी घेता का?" असं विचारा, बरेच जण दोन-तीन जागा त्यासाठी ठेवतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये केसपेपर काढून मानसोपचार विभागात जाता येतं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. तिथे दहा मिनिटं मिळतात आणि मागे रांग असते. ओळख सांगायचीच असं नाही. झोप आणि घाबरेपणावर औषध घ्या, बाकीचं बोलणं फोनवरच्या समुपदेशकाशी. लोक असंच जुळवून घेतात.

१९. आम्ही दोघी पळून आलोय. पोलीस म्हणतात, कोर्ट आधी समुपदेशनाला पाठवेल.

११ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी उच्च न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या. सज्ञान व्यक्तीची इच्छा काय एवढंच न्यायालयाने जाणून घ्यायचं, पालकांच्या गराड्यात न घेता. ओळख किंवा नातं बदलावं म्हणून समुपदेशनाला पाठवायचं नाही. वकिलाला 'देवू जी. नायर' हे त्या खटल्याचं नाव सांगा. दोघींचा वयाचा पुरावा जवळ ठेवा. तुम्हालाच ताणावर बोलायला कोणी हवं असेल तर ते वेगळं, तो माणूस तुम्ही निवडायचा.

२०. समुपदेशकाने त्रास दिला. तक्रार कुठे?

डॉक्टर असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. 'बदलण्या'चा उपचार केला असेल तर प्रश्न ८ मधल्या २०२२ च्या पत्राचा उल्लेख करा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर पुनर्वास परिषद. नोंदणीच नसलेला असेल तर ग्राहक आयोग. मारहाण किंवा लैंगिक छळ असेल तर पोलीस. पावत्या, मेसेज, लिहून दिलेले कागद जपा. तुमच्या उपचाराची कागदपत्रं मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

२१. मी परदेशात असते. रडायला मराठीच लागते.

बऱ्याच जणी हेच सांगतात. भारतातल्या समुपदेशकाशी ऑनलाइन बोलता येतं, पण काही देशांत तिथल्या परवान्याशिवाय उपचार देण्यावर बंधन आहे, ते समुपदेशकालाच विचारा. औषधं आणि तातडीची मदत यांसाठी राहता तिथला डॉक्टर हवाच.

२२. आठ-दहा सत्रं झाली, बरं वाटतंय. थांबलं तर चालेल का?

चालेल. नुसतं जाणं बंद करू नका, एक शेवटची भेट ठरवा. काय बदललं, पुन्हा खाली गेलो तर पहिली खूण कोणती असेल, तेव्हा कोणाला फोन करायचा, हे त्या भेटीत लिहून काढा. औषधं चालू असतील तर ती मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात. सहा महिन्यांनी परत यावंसं वाटलं तर अपॉइंटमेंट घ्या. मधे का आला नाहीत हे कोणी विचारणार नाही.